मधली

दिवेलागणीला टेकडीवर आले आहे.

खाली देवास. वर दोन देव्या. थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. गाव त्यांना बडी माता, छोटी माता म्हणतं. आमच्या मराठी घरांतून थोरली आणि धाकटी. सांगतात की दोघी बहिणी. एकदा भांडल्या आणि पाठ फिरवून निघाल्या. थोरली पाताळाच्या वाटेला लागली, धाकटी टेकडी उतरू लागली. अर्ध्यावर त्यांना थांबवलं. तेव्हापासून तशाच.

पाठीला पाठ.

दोघींच्या मध्ये एक वाट आहे. तिच्यावर कुणी थांबत नाही. थोरलीची ओटी भरायची, धाकटीची ओटी भरायची, मध्ये नुसतं चालायचं. उन्हाचा शेवटचा पट्टा इथेच पडतो. कठड्यावर येतो, दगडाला जरा ऊब देतो, आणि निघून जातो.

या गावाला दोनाची सवय फार जुनी. तुकोजी आणि जिवाजी पवार, दोघे भाऊ. १७२८ सालापासूनची त्यांची ही जहागीर, आणि तिच्या दोन पात्या. थोरली पाती, धाकटी पाती. दोन गाद्या, दोन दरबार, दोन राजवाडे. दोघांच्या मधल्या रेघेवर आमच्या कितीतरी पिढ्या निजल्या आणि उठल्या. म्हणून असेल, जगाच्या दोन लढायांचं काही वाचायला घेतलं की माझं बोट आपोआप मधल्या पानांवर जाऊन थांबतं.

देवींना हात जोडते. त्यांची नावं नुसती उसनी घेते.

एक थोरली लढाई. एक धाकटी.

आणि मध्ये तू.

&nbsp;

तुला नाव नाही. दोन महायुद्धांमधला काळ, एवढंच म्हणतात. म्हणजे तुझी ओळख सांगायची तीही त्या दोघींच्या नावाने. घरात मधलीचं असंच होतं. थोरलीचं कौतुक होतं, धाकटीची काळजी होते, आणि मधली थोरलीची जुनी लुगडी नेसून कधी मोठी झाली ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. मी तुला मधली म्हणते.

२८ जून १९१९ ला तू जन्मलीस, व्हर्सायच्या आरसेमहालात. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे गेलीस, पोलंडच्या सरहद्दीवर.

वीस वर्षं, दोन महिने, चार दिवस.

काय वय होतं गं तुझं.

&nbsp;

आमची आजी साल कधी सांगायची नाही. "पहिल्या जर्मनच्या वेळी," म्हणायची. नाहीतर, "दुसऱ्या जर्मनच्या वेळी." युरोप तिने नकाशातही पाहिला नव्हता. पण स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली जर्मनची पातेली होती, जर्मनची ताटली होती, जर्मनचा डबा होता. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणत. लहानपणी मला वाटायचं, जर्मन हा एक धातू आहे. हलका, करडा, चिंचेने घासला की उजळणारा, आणि खाली पडला की पोचा कायमचा राहणारा.

मधल्या वर्षांना मात्र तिच्याकडे शब्द नव्हता. "मधल्या काळात," एवढंच. मधल्या काळात तिचं लग्न झालं. मधल्या काळात ती या गावात आली, विहिरीचं पाणी शेंदायला शिकली, माळव्याची बोली शिकली, तिला मुलं झाली, एक गेलं, बाकीची जगली. तिचं सगळं आयुष्यच मधल्या काळात झालं होतं.

तो डबा माझ्याकडे आहे. तळाला पोचा. झाकण घट्ट बसत नाही. त्यात ती फुलवाती ठेवायची. उघडला की अजून कापसाचा आणि जुन्या तुपाचा वास येतो, आणि क्षणभर कुणीतरी आतून साद घालतंय असं वाटतं.

आज तो ओढणीखाली धरून टेकडी चढले आहे. वर वारा असतो.

&nbsp;

तू दोन वर्षांची होतीस तेव्हा तुझ्या मुलखातला एक माणूस या गावात राहायला आला. ई. एम. फॉर्स्टर. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून, १९२१ साली, काही महिने. आधीही एकदा येऊन गेला होता, थोरल्या लढाईच्या आधी, उजेड होता तेव्हा.

लढाईची वर्षं त्याने अलेक्झांड्रियात रेडक्रॉसच्या कामात काढली. काम असं, की इस्पितळात खाटेखाटेपाशी जायचं, जखमी शिपायाजवळ बसायचं, आणि विचारायचं. तुझ्या शेजारी होता तो कुठे गेला? शेवटचे कधी दिसलात तुम्ही एकमेकांना? पडताना पाहिलंस का? मेलेल्यांची नोंद दुसरीकडे होत होती. हा विचारत होता तो नुसत्या नसलेल्यांविषयी. बेपत्ता. जे ना इथे, ना तिथे.

मग तो देवासला आला, आणि श्रावणात गोकुळाष्टमी आली.

मी कितीदा ती रात्र डोळ्यांपुढे आणली आहे: जुना राजवाडा, फुलांचा, तुपाचा आणि घामाचा एकवटलेला वास, टाळ-मृदंगाचा तो थांबतच नाही असा गजर, दिव्यांच्या काजळीने काळवंडलेल्या तुळया, आपलं राजेपण बाजूला ठेवून अनवाणी, देवापुढे भान हरपून नाचणारे महाराज, आणि त्या सगळ्या गर्दीत एका कडेला उभा असलेला हा परका माणूस, ज्याच्या कानांत अजून त्या खाटांवरची पुटपुटती उत्तरं असतील, नाही साहेब, मग दिसलाच नाही, धूर होता, मागे वळून पाहिलं तर जागा रिकामी, आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेत मध्यरात्री पाळणा हलतो, गुलाल उडतो, कुणीतरी ओरडतं की जन्मला, जन्मला, आणि सगळं गाव एका न दिसणाऱ्या बाळासाठी वेडं होतं.

नसलेल्यांना शोधणारा माणूस. नसलेल्याला जोजवणारं गाव.

मला वाटतं, मधले, तुझी आणि या गावाची तेवढीच एक भेट.

त्याने पुढे त्या रात्रीची कादंबरी केली, १९२४ साली. आणि म्हातारपणी, १९५३ मध्ये, आपल्या इथल्या पत्रांचं पुस्तक काढलं, तेव्हा त्याला नाव दिलं ते या टेकडीचं. मधे किती पाणी वाहून गेलं होतं. तू नव्हतीस. महाराज नव्हते. टेकडी होती.

&nbsp;

तुझ्याकडे उजेड होता, असं मला खात्रीने वाटतं.

तुझ्या जन्माच्या आदल्या महिन्यात, २९ मे १९१९ ला, सूर्याला खग्रास ग्रहण लागलं. भरदिवसा अंधार झाला, तारे दिसले, आणि इंग्लंडच्या खगोलशास्त्रज्ञांनी त्या ताऱ्यांच्या छायाचित्रांवरून दाखवलं की सूर्याजवळून येताना उजेड वाकतो. बर्लिनमध्ये बसलेला आइनस्टाइन म्हणाला होता तसाच. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ते आणि तो एकमेकांच्या शत्रूदेशांतले होते.

उजेड वाकतो.

मधले, तुझ्या पाळण्यावर कुणीतरी एवढं सुंदर वाक्य टांगलं होतं.

आणि २७ ऑगस्ट १९२८. पॅरिस. पंधरा देशांनी सही करून युद्धच सोडून दिलं, इथून पुढे आपसांतले तंटे लढाईने सोडवायचे नाहीत म्हणून. तू नऊ वर्षांची. फ्रॉक घालून, केसांना रिबीन लावून, दाराच्या फटीतून पाहत असशील ती मोठी माणसं कशी लेखणी शाईत बुडवतात ते. त्या सहीनंतर तू अकरा वर्षं आणि पाच दिवस जगलीस.

&nbsp;

पण तुझं बालपण मुळात सुतकातलं.

तू चालायला लागलीस तेव्हा घराघरांत भिंतीवर फोटो होते आणि फोटोंतली माणसं जागेवर नव्हती. तुझी सगळी वर्षं दगडावर नावं कोरण्यात गेली. ईप्रच्या मेनिन दरवाजावर चोपन्न हजारांहून अधिक, सगळे बेपत्ता. नव-शापेलला आपल्याकडच्या चार हजार सातशेंहून अधिक शिपायांची. त्यांचीही माती कुठे पडली ते ठाऊक नाही. सॉमच्या रणात थिएपव्हालला बहात्तर हजार. १९२७, १९३२. छिन्नीचा आवाज थांबतच नाही. गावोगावच्या चौकात एक चौथरा, चौथऱ्यावर एक यादी, यादीखाली वाळलेली फुलं, आणि फुलांपाशी एक बाई, जिला नावाच्या पलीकडे हात लावायला काही उरलेलं नाही, ती दगडातल्या खाचेतून बोट फिरवते, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, जसं आपण आंधळ्या हाताने लेकराच्या तोंडावरून फिरवावं, आणि तेवढ्यात संध्याकाळ होते, दिवे लागतात, बोट दगडातच राहतं.

विलेर-ब्रेतोनोच्या स्मारकाचं उद्घाटन १९३८ च्या जुलैत झालं. दोनच वर्षांत, १९४० मध्ये, धाकटीच्या गोळ्या त्या नव्या दगडात घुसल्या. खुणा अजून आहेत.

मेनिन दरवाजाखाली १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजवायचे. निरोपाचा. धाकटी आली, गाव जर्मनांच्या ताब्यात गेलं, बिगुल मुका झाला. ६ सप्टेंबर १९४४ ला ईप्र सुटलं, आणि त्याच संध्याकाळी कमानीखाली बिगुल पुन्हा वाजला.

मधली चार वर्षं आठ वाजत होतेच. रोज. नुसतेच.

&nbsp;

देवासहून धारला निघालं की वाटेत इंदूर. इंदूरच्या खालच्या अंगाला महू. महूच्या नावाची घोडदळाची ब्रिगेड १९१४ मध्ये फ्रान्सला गेली होती. १ डिसेंबर १९१७ ला कांब्रेच्या रणात तिच्यातला लान्स दफेदार गोविंद सिंग तीनदा निरोप घेऊन उघड्या माळावरून गेला. तिन्ही वेळा घोडा गोळ्यांनी पडला, तिन्ही वेळा तो पुढे पायी चालत पोहोचला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मी त्या तीन घोड्यांचा विचार करते. कुठल्या गवताची आठवण होती त्यांच्या डोळ्यांत?

त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

&nbsp;

धार.

भोजाची धारा. आनंदीबाईंनी जिथल्या किल्ल्यात आसरा घेतला आणि शेवटच्या बाजीरावाला जन्म दिला, ती धार. पण मी येते ती लोखंड पाहायला. लाट मशिदीपाशी तो प्रचंड लोहस्तंभ पडून आहे, तीन तुकड्यांत. जोडला तर तेरा मीटरांच्या घरात जाईल. लोक त्याला भोजाचा जयस्तंभ म्हणतात.

हात लावला. दुपारचं ऊन त्यात साठलेलं.

विजयाचं लोखंड आडवं झालं की कसं दिसतं ते इथे कळतं. पोरं त्याच्याजवळ खेळतात. चिमण्या बसतात. ते कुणाकडे पाहत नाही. मोडल्या जागी कड अजून खडबडीत आहे, बोटाला लागते.

याच गावच्या मातीतून निघालेली संगमरवरी मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये उभी आहे. पायाशी संवत १०९१ चा लेख. कुणी तिला भोजाची वाग्देवी म्हणतात, लेख वाचणारे अंबिका म्हणतात. मी आज त्या वादात शिरत नाही. एक रात्र तेवढी आठवते आहे.

१० मे १९३३. बर्लिनच्या चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांचा ढीग रचून पेटवला. ज्यांनी ती वाचायची त्यांनीच. मधले, तू चौदा वर्षांचीही झाली नव्हतीस. त्या उजेडात तुझा चेहरा प्रथमच नीट दिसला असेल, आणि तो पाहून घरातल्या कुणाच्या तरी छातीत चर्र झालं असेल.

१० मे १९४१. तीच तारीख. लंडनवर रात्रभर आग पडत होती, आणि ब्रिटिश म्युझियमच्या छपरातून ती खाली ग्रंथालयात उतरली. लाखाहून अधिक पुस्तकं त्या रात्री जळाली.

तू तेव्हा नव्हतीस. धारचा तो दगड मात्र त्याच म्युझियमच्या ठेव्यातला. तिला जे कोणी वाग्देवी म्हणत असतील त्यांनी हे एकदा मनात आणून पाहावं: वाचेची देवता परक्या गावी, आणि हवेत जळक्या कागदाचा वास.

&nbsp;

देवासला आता नोटांचा छापखाना आहे. १९७० नंतरच्या वर्षांत आला. कोऱ्या नोटेचा तो करकरीत वास गावाच्या अभिमानाचा भाग आहे, आणि मलाही तो आवडतो. पण नवी नोट हातात आली की का कोण जाणे, तुझं पाचवं वर्ष आठवतं. १९२३ चा नोव्हेंबर. एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. पोरं नोटांच्या पुडक्यांचे मनोरे रचून खेळत होती.

त्या पोरांतली कितीतरी पुढे धाकटीने नेली. मनोरे रचणारे ते हात.

&nbsp;

आणि तो रेल्वेचा डबा.

११ नोव्हेंबर १९१८ ला कॉम्पियेन्यच्या जंगलात ज्या डब्यात थोरली संपल्याची सही झाली, तोच डबा २२ जून १९४० ला पुन्हा त्याच झाडांत आणून उभा केला, आणि त्याच डब्यात फ्रान्सने हार लिहून दिली. मेज तेच. खिडक्या त्याच. खिडकीबाहेरचं जंगल बावीस वर्षांनी जरा उंच.

मधे तो डबा रिकामा होता. लोक तिकीट काढून पाहायला येत. पोरं खिडकीच्या काचेला नाक लावत. काचेवर वाफेचा एक गोल उमटे, आणि पुसला जाई.

तो गोल तू होतीस.

&nbsp;

तुकोजीराव महाराज टिकले नाहीत. राज्य कर्जात बुडालं, महाराज देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले, आणि १९३७ मध्ये तिथेच, समुद्राच्या काठी, संपले. अष्टमीचा तो पाळणा मागे राहिला. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह धाकटीच्या काळात मराठा पलटणीबरोबर मध्यपूर्वेच्या आघाडीवर जाऊन आले. १९४७ मध्ये आजोळच्या, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, शहाजी छत्रपती झाले. त्या वेळी कोल्हापूरशेजारी वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसं. रशियातली छावणी, मग इराण, मग पंचगंगेचा काठ. बायका होत्या, पोरं होती. त्यांच्याच देशाच्या सरहद्दीवर तू पडली होतीस, मधले, त्या सप्टेंबरच्या पहाटे.

त्या पोरांनी उसाच्या गावात आपलं बालपण पुरं केलं, आणि १९४८ पर्यंत निघून गेली. बहुतेकांना परत जायला गाव उरलं नव्हतं.

देवासच्या शांततेविषयी लिहायला बसलं की कुमार गंधर्व आठवतातच. त्याच १९४८ मध्ये आजारी छाती घेऊन ते इथे आले आणि कित्येक वर्षं गाण्यावाचून राहिले. पण त्या शांततेतून गाणं उठलं. तुझ्यातून काहीच उठलं नाही. म्हणून तिकडे जात नाही.

&nbsp;

अंधार झाला.

खाली गावात दिवे. थोरल्या पातीतही आणि धाकट्या पातीतही. इथून रेघ दिसत नाही. थोरलीच्या देवळात आरती सुरू झाली आहे. धाकटीची अजून व्हायची आहे. मधे हा एवढासा तुकडा, काळाचा आणि वाटेचा.

डबा उघडला. कापूस, तूप. एक फुलवात काढली, कठड्याच्या आडोशाला पणतीत ठेवली. पहिली काडी वाऱ्याने नेली. दुसरीही. तिसरीला हाताचा आडोसा करून बसून राहिले. धरली.

एवढंसं तेज. डब्याच्या करड्या पत्र्यावर त्याचा डाग पडला. पोचा होता तिथे तो दुमडला, वाकला.

थोरलीकडून एक पोरगा उड्या मारत आला. सात-आठ वर्षांचा, कपाळाला ताजं कुंकू, मुठीत प्रसादाची चिरंजी. माझ्यापाशी थबकला. दिव्याकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं.

"यहाँ कौन सी माता हैं?"

"बीचवाली," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, जसं त्याला ते ठाऊकच होतं. मुठीतला एक दाणा पणतीशी ठेवला, डोळे मिटून हात जोडले, आणि धाकटीच्या दिशेने पळत सुटला. अंधारात त्याची अनवाणी पावलं काही वेळ ऐकू येत राहिली.